सहावं बदक

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही दुसरी वही. पहिली बाईंकडे जाते. तिच्यात तापमान, हवेतला ओलावा आणि दिवसभरात मी काय केलं ते लिहायचं असतं. "मला वाटलं" अशी सुरुवात असलेलं वाक्य तिच्यात चालत नाही. पाच महिन्यांत बाईंनी माझी अशी एकोणीस वाक्यं लाल पेनाने कापली. त्यांना कुठेतरी जागा हवी, म्हणून ही वही.

बाई आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख. दुरुस्तीच्या खोलीच्याही त्याच प्रमुख, कारण त्या खोलीत त्या आणि मी एवढ्या दोघीच. माझं प्रोबेशन २८ तारखेला संपतं. त्यानंतर कायम, नाहीतर घरी.

घरी गेले तरी काम हेच. बाबा फुटक्या वस्तू जोडतात. आजोबाही जोडायचे. आमचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे आणि मी त्या खोलीतच शिकले. घरचं पहिलं तत्त्व असं: जोड दिसला तर दुरुस्ती झालीच नाही, नुसता तुकडा परत आला. इथे भिंतीवर बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय: वीतभर अंतरावरून जोड ओळखू यावा, सहा पावलांवरून येऊ नये. त्याखाली: परत काढता येईल असंच जोडा. पहिल्या दिवशी हे वाचून मला घरच्यांबद्दल इतकी लाज वाटली की मी रुजू होण्याच्या अर्जात "अनुभव" या रकान्यापुढे एक तारा काढून खाली खुलासा लिहिला. बाईंनी तोही कापला.

आज बाईंनी मला रांजण दिला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रांजण म्हणजे इथला मानाचा गणपतीच म्हणायचा, फक्त त्याला कोणी हात जोडत नाही, हातही लावत नाही. मातीचा, चकाकी दिलेला, माझ्या कमरेएवढा उंच. पोटावर तपकिरी रंगात अकरा बदकं एका रांगेत उजवीकडे चाललीत. त्यातलं सहावं मान वळवून मागे, म्हणजे डावीकडे, बघतंय. हेच बदक संग्रहालयाच्या तिकिटावर आहे, शिक्क्यावर आहे, छत्र्यांवर आहे. माझ्या नेमणुकीच्या पत्रावरही होतं. बाबांनी ते पत्र बराच वेळ पाहिलं होतं. मजकूर तेवढा मोठा नव्हता.

बाबा इथे कधी आलेले नाहीत. पहिल्या दिवशी मला फाटकापर्यंत सोडलं आणि "काम असतं" म्हणून परत फिरले. काम नव्हतं.

३ मार्चला रांजण दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रदर्शनाला जाणार. पोस्टर छापून झालंय: फक्त मान आणि डोकं, माणसाएवढं. जाण्याआधी मी रांजण तपासून पत्रक भरायचं. माझी परीक्षा तीच, असं बाई म्हणाल्या नाहीत, पण पत्रक माझ्यापुढे ठेवताना चष्म्यावरून बघितलं.

सहाव्या बदकावर एका अभ्यासकांनी चाळीस पानांचा लेख लिहिलाय. संग्रहालयात सगळे त्यांना चाळीसपानी म्हणतात. समोर अर्थातच सर. त्यांचं म्हणणं, कुंभाराला गाव सोडावं लागलं होतं आणि ती वळलेली मान म्हणजे त्याचा निरोप. "अत्यंत प्रगल्भ रेषा" हे शब्द लेखात सात वेळा येतात.

मी घरच्या पद्धतीने सुरुवात केली: हात लावण्याआधी वस्तू कागदावर काढायची. बाबांनी ही सवय मला पाचव्या वर्षी लावली. माझ्या जुन्या वहीत कान तुटलेले कप आहेत, पाय गेलेले घोडे आहेत, कोंबड्या आहेत. आई म्हणायची, हिच्या प्राण्यांना उजवी बाजूच नाही, सगळे डावीकडे तोंड करून उभे. बाबा काही म्हणायचे नाहीत. कागद परत द्यायचे आणि सांगायचे, "परत बघ." वीस वर्षांत यापलीकडे त्यांनी माझ्या रेखाटनाला काही म्हटल्याचं आठवत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पडदे ओढून जांभळ्या दिव्याखाली रांजण पाहिला. या दिव्याखाली मूळ चकाकी एका रंगात दिसते आणि नंतर लावलेलं काहीही वेगळ्या रंगात चमकतं.

सहाव्या बदकाच्या मानेभोवती पिंपळपानाच्या आकाराची नारिंगी रेघ चमकली.

नारिंगी म्हणजे लाख. लाखेने हल्ली कोणी जोडत नाही. आमच्याकडे जोडतात.

लाख वापरणारे जगात पुष्कळ असतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि बाईंना नुसतंच म्हटलं, "जुनी दुरुस्ती आहे."

"कुठे?"

"सहाव्या बदकाच्या मानेत."

बाईंनी हातातलं पेन टोपण लावून खाली ठेवलं. "मानेला चीर आहे की मानच नवी आहे?"

"आतून बघावं लागेल."

"मग बघ. आणि तोवर चाळीसपानींना..." त्यांनी वाक्य सोडलं. त्यांनी हे नाव घेताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

दादाच्या दवाखान्यात गेले. दादा दातांचा डॉक्टर आहे. त्याच्या मते तोही घरचाच धंदा करतो, फरक एवढाच की त्याची वस्तू ओरडते.

"या तपासनीस. कोणता दात?"

"दात नाही. आरसा हवाय, लांब दांड्याचा. रांजणाच्या पोटात बघायचंय."

"रांजणाने शेवटचं कधी दाखवलं होतं?"

मी म्हटलं, मला वाटतं वीस वर्षांपूर्वी. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

आरसा घेतल्याची पावती लिहून दिली. त्याने तिचा बोळा केला.

१० फेब्रुवारी, सोमवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

बाई प्रदर्शनाच्या बैठकीसाठी गुरुवारपर्यंत बाहेरगावी. मी रांजण वाळूच्या पिशव्यांवर आडवा केला, बदकाची बाजू माझ्याकडे. तोंडातून उजव्या हाताने आरसा आत घातला. अंधार होता. घरी आम्ही अशा वेळी वायरला लटकवलेला बल्ब आत सोडतो. मीही सोडला, वायर आरशाच्या दांड्याबरोबर उजव्याच मुठीत धरून.

आरशात पिंपळपानाची आतली बाजू दिसली. पांढरं प्लास्टर. त्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं, आरशामुळे उलटं. मजकूर चार ओळींचा. वाचता येईना म्हणून मी बल्ब जवळ नेला. तरी जमेना. अजून जवळ नेला. किती वेळ गेला सांगता येत नाही. पहिल्या वहीत मी वेळ लिहिते, पण तेव्हा मी पहिल्या वहीत नव्हते.

मग मान सुटली.

माझा डावा तळहात खाली होता. बाबांची शिकवण: जिकडे डोळा, त्याखाली हात. तुकडा तळहातावर अलगद उतरला, एक कणही उडाला नाही. तो उलटा पडला होता. आता आरशाची गरज उरली नव्हती. लिहिलं होतं:

"मान व डोके नवे. मूळ नाही.
लाखेने बसवले आहे. ऊब दिल्यास निघेल.
कल्पना घरची."

चौथ्या ओळीत तारीख. त्या तारखेला मी सहा वर्षांची होते आणि दादा नऊ.

अक्षर बाबांचं आहे.

मी तुकडा कापसात ठेवला, डब्याला चिठ्ठी लावली आणि स्वच्छतागृहात जाऊन वीस आकडे मोजले. रांजणावर आता दहा बदकं आहेत आणि एक धड.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पत्रक भरायला बसले. पहिला मसुदा: "जुना जोड निकामी झाल्याने तुकडा सुटला."

हे वाक्य मी दुपारपर्यंत बघत बसले. जुना जोड, बरोबर. निकामी झाला, हेही बरोबर, कारण आता तो काही धरून ठेवत नाही. तुकडा सुटला. प्रत्येक शब्द खरा आहे. वाक्य मात्र खोटं आहे.

दिव्याचं कोणाला कळणार नाही. खोलीत मी एकटीच होते. आणि "ही दुरुस्ती कोणी केली" या रकान्यात "अज्ञात" लिहिलं तर तेही कोणाला कळणार नाही. तुकड्यावर सही नाही, आणि बाबांचं अक्षर इथे फक्त मला ओळखता येतं. दोन्ही लिहिलं, तर माझी नोकरी जाईल आणि बाबांचं नाव. दोन्ही गाळलं, तर कागदावर सगळं सुरळीत राहील.

दुसरा मसुदा: "तपासणीदरम्यान तुकडा विलग झाला." हा पहिल्यापेक्षा वाईट. यात मी खोलीत आहे, पण हात मागे बांधून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घरी सांगितलं. बाबा एका बशीचा काठ घासत होते. मी म्हटलं, "बाबा, संग्रहालयातल्या रांजणाची मान तुम्ही बसवली होती?"

घासणं थांबलं नाही. "तेव्हा तो संग्रहालयात नव्हता. एका शौकीन माणसाच्या दिवाणखान्यात होता. तो गेला, मग मुलांनी तुमच्याकडे दिला."

"ती सुटली."

आता घासणं थांबलं. "जोड सुटला? आपला?"

"मी बल्ब जवळ धरला."

"किती जवळ?"

मी बोटांनी दाखवलं.

"मग जोडाची चूक नाही," बाबा म्हणाले आणि बशी परत हातात घेतली. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं.

"मला हे सगळं पत्रकात लिहावं लागेल. तुमचं नावही."

आई आतून म्हणाली, "म्हणजे जन्मभर राबून यांचं नाव एकदाचं संग्रहालयात लागणार, तेही दोषांच्या रकान्यात! तुझं काम मोठं बारकाईचं हो."

"आई, खोटं कसं लिहू?"

"लिहू नकोस. पण जरा सावकाश लिहिलंस तर काय बिघडतं? अठ्ठावीस तारीख गेली की लिही."

बाबांनी बशी उजेडाला धरली. "काय दिसलं तेच लिही," ते म्हणाले. "मीही आत तेच लिहिलंय."

मला विचारायचं होतं: मग बाहेरून का लपवलंत? मला वाटलं, विचारणं म्हणजे उलट बोलणं होईल. विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाई आल्या. मी डबा आणि पत्रक टेबलावर ठेवलं. मसुदा पाचवा:

"दिव्याच्या उष्णतेने लाख मऊ होऊन तुकडा सुटला. दिवा मी धरला होता. दिवा आत सोडणे ही घरची सवय आहे. येथील नियमात बसत नाही. तुकडा मूळ नसून माझ्या वडिलांनी केलेला आहे. ही तपासणी नात्याबाहेरच्या व्यक्तीने पुन्हा करावी."

बाईंनी दोनदा वाचलं. मग तुकडा कापसावरच ठेवून डबा फिरवला आणि मागची पेन्सिल वाचली.

"ऊब दिल्यास निघेल," त्या मोठ्याने म्हणाल्या. "माणसाने सूचना लिहून ठेवली होती की."

"ती वाचण्यासाठीच दिवा जवळ नेला."

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. खोकला असावा.

"दिव्याचं लिहिलं नसतंस, तर?"

"तर तुम्हाला कळलं नसतं."

"वीस वर्षं टिकलेली लाख मी गावाला गेल्याच्या दिवशी आपण होऊन वितळत नाही, मुली." त्यांनी पत्रक कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. "सोमवारी वडिलांना घेऊन ये. सरांनाही बोलावते. आणि हे पत्रक मी मागे घ्यायला सांगितलं तर?"

मी म्हटलं, त्याची प्रत काढून ठेवली आहे. हे धमकीसारखं वाटेल असं नंतर लक्षात आलं. जिन्यात परत गाठून सांगितलं की धमकी नव्हती. बाई म्हणाल्या, माहीत आहे, जा घरी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. फाटकाशी थांबून त्यांनी वर पाटीवरच्या बदकाकडे पाहिलं. "बरंच मोठं केलंय," म्हणाले.

खोलीत बाई, चाळीसपानी सर, बाबा आणि मी. स्टुलं तीनच होती, मी उभी राहिले. सर पंचाहत्तरीचे असतील. त्यांनी तुकडा बघितला, मागचं वाचलं, परत पुढून बघितला. मग दादाचा आरसा उचलून त्यात स्वतःचा चष्मा नीट केला.

"किती वर्षं फसवलंत हो आम्हाला," सर शेवटी म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

"फसवायचं नव्हतं साहेब," बाबा म्हणाले. "म्हणून तर मान वळवली."

"म्हणजे?"

बाबांना बोलायची सवय नाही. ते तुकड्याकडे बघत बोलले. "रांजण माझ्याकडे आला तेव्हा इथे नुसतं भोक होतं. मालक म्हणाले, दिसता कामा नये. बाकीची दहा सरळ बघतात. तसंच एक काढून दिलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण खरं डोकं मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं डोकं पाहिल्यासारखं कसं काढू? मग म्हटलं, जोड दिसू द्यायचा नाही ना, नको. पण चित्रच असं घालू की शहाणा माणूस बघताक्षणी म्हणेल, हे काही त्या कुंभाराचं नव्हे."

बाई म्हणाल्या, "आणि एकानेही म्हटलं नाही."

"नाही. मी वाट बघत होतो," बाबा म्हणाले. "आधी मालकांनी पाहुण्यांना कौतुकाने दाखवलं. मग तुमचं तिकीट निघालं. मग छत्र्या. तिकीट निघाल्यावर तेव्हाच्या साहेबांना पत्र टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलं, आभारी आहोत म्हणून. सोबत दोन तिकिटं होती."

सर पुढे झुकले. "पण रेषा तर..."

"रेषा फार कच्ची आहे साहेब. मुद्दाम कच्ची घेतली. लहान मुलाच्या हातची."

हे मला पटलं. मानेचा बाक चुकलेला आहे आणि चोच डोक्याला नीट बसत नाही. मला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं, पण प्रोबेशनवर असल्यामुळे बोलले नव्हते. आता धीर करून म्हटलं, "हो सर. शरीररचना कळत नसलेल्या कोणीतरी काढलंय."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी चुकीच्या वेळी बोलले असावे.

"'कल्पना घरची' म्हणजे त्या मुलाची?" बाईंनी विचारलं.

"घरचीच," बाबा म्हणाले. याहून जास्त काही त्यांनी सांगितलं नाही. मी ओळखलं. दादा तेव्हा नऊ वर्षांचा होता.

सर उठून रांजणाजवळ गेले. त्या भोकासमोर ते बराच वेळ उभे होते. "चाळीस पानं," ते म्हणाले. "निरोप, गाव, सगळं एका पोराच्या चित्रावर." मग स्वतःशीच, "पण वळून बघत तर होतं. ते पोरही कोणालातरी बघायला मान वळवत असेल ना?"

बाबा म्हणाले, "ते टेबलाखाली बसायचं. बदकं काढताना दर दोन मिनिटांनी मागे बघायचं, मी आहे ना म्हणून."

दादा टेबलाखाली बसायचा हे मला माहीत नव्हतं. त्याला लहानपणी अंधाराची भीती होती असं ऐकलंय, त्याच्याशी जुळतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी मला विचारलं, आता काय करावं. मी म्हटलं, मी निर्णयात असू नये, नातं आहे. त्या म्हणाल्या, "नातं रकान्यात लिहिलंस, संपलं. आता तोंडाने बोल."

मी बोलले. नवं, सरळ बघणारं डोकं बसवू नये, कारण खरं डोकं आम्हीही पाहिलेलं नाही. भोक तसंच ठेवणं प्रामाणिक होईल, पण वीस वर्षं ही मानही रांजणाचीच झाली आहे. ती फेकली तर तेवढी वर्षं फेकल्यासारखी. म्हणून बाबांचीच मान परत बसवावी, परत काढता येईल अशी. कडेने केसाएवढी फट उघडी ठेवावी, वीतभर अंतरावरून दिसेल अशी. शेजारी पाटी लावावी. आणि पाटीवर दिव्याचंही लिहावं.

"दिव्याचं पाटीवर नको," बाई म्हणाल्या.

"पण..."

"पत्रकात आहे. लोकांनी बदक बघायचं की तुझी कबुली?"

प्रदर्शनवाल्यांना पत्र गेलं. ते नाही म्हणाले तर पोस्टरसकट सगळं फुकट जाईल, आणि ते माझ्या हातून.

दादाला फोन केला. म्हटलं, सर तुला भेटायला येतील, चित्राबद्दल विचारायला.

"कोणतं चित्र? मी काढलेल्या बदकाला आजही चार पाय असतात. आणि टेबलाखाली? मी? तिथे तुझं राज्य होतं, कोणी पाय घातला तर चावायचीस."

दादा आयुष्यात पहिल्यांदा विनयाने वागला. सरांना त्याचा नंबर दिला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

प्रदर्शनवाल्यांचं उत्तर आलं. त्यांना पाटीसकट हवाय; उलट पाटी जरा मोठी करा म्हणतात. बाईंनी पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि लगेच तापमानाची नोंद मागितली.

घरी आईने माळ्यावरून माझी जुनी रेखाटनांची वही काढली. मधलं एक पान नाहीये. फाटलेलं नाही, ब्लेडने कापलंय, पट्टी लावून, अगदी सरळ. दादाला विचारलं. तो म्हणाला, मी आजवर सरळ काही कापलेलं नाही, पेशंटांना विचार.

पान कोणी आणि कशाला नेलं असेल कळत नाही. हरवलेल्या वस्तूंच्या यादीत लिहून ठेवलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मान बसवली. हात कापत नव्हता, याची नंतर भीती वाटली. बाबांचं आतलं लिखाण तसंच ठेवलंय. त्याखाली मी पेन्सिलीने एक ओळ घातली: "पुन्हा बसवले. लाख नाही. ऊब देऊ नये." तारीख घातली.

वीतभरावरून फट दिसते. सहा पावलांवरून नुसतं बदक दिसतं, मागे बघणारं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कायम झाले.

बाईंनी कारण विचारू दिलं नाही. तरी मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "तू सारखी घाबरतेस. घाबरणाऱ्या माणसाच्या हातात वस्तू टिकतात. पण दिवा बदलून घे, थंड उजेडाचा." नवीन नेमणूकपत्रावरही बदक आहे. बाईंनी नवं चिन्ह करायला नकार दिला, पण आता त्याच्या मानेला बारीक फट दाखवली आहे.

चाळीसपानी सर एक्केचाळिसावं पान लिहिताहेत. ते दादाच्या दवाखान्यात जाऊन आले. माहिती काही मिळाली नाही. दाढ मात्र भरून आले.

७ मार्च, शुक्रवार

रांजण सोमवारी गेला, वाळूच्या सोळा पिशव्यांत. आज बाबा शेवटच्या पत्रकावर सही करायला आले. "पूर्वीची दुरुस्ती करणारे" अशा स्वतंत्र रकान्यात त्यांचं नाव आहे. दोषांचा रकाना वेगळा, त्यात माझं आहे. आईला ही विभागणी फोनवर वाचून दाखवली.

बाबांनी पत्रक ओळीवर बोट ठेवत वाचलं. शेवटच्या रकान्याशी बोट थांबलं. तिथे मी लिहिलंय:

"मूळ रेखाटन कोणाचे: अज्ञात. घरातील लहान मूल, वय सहा-सातच्या आसपास. मानेच्या दिशेवरून व रेघेच्या ओढीवरून उजव्या हाताचे. शिक्षण अपुरे. बहुधा माझा भाऊ. परंतु तो तेव्हा नऊ वर्षांचा होता व डावखुरा आहे. ही विसंगती नोंदवून ठेवली आहे."

बाबांनी खिशातलं पाकीट अर्धवट बाहेर काढलं. त्यात जुना, घडीवर पिवळा पडलेला कागद दिसत होता. एक कड अगदी सरळ होती. मला वाटलं, ओळखपत्र शोधताहेत. म्हटलं, "ओळखपत्र लागत नाही बाबा, तुम्हाला इथे ओळखतात." त्यांनी पाकीट परत खिशात ठेवलं, सही केली आणि पत्रक माझ्या हातात दिलं.

"परत बघ," म्हणाले.

ते गेल्यावर मी पत्रक पहिल्यापासून परत पाहिलं. एका ठिकाणी तुकड्याची रुंदी दोन मिलिमीटरने चुकली होती. ती दुरुस्त केली. बाकी सगळं बरोबर आहे.